मनगटावरची पट्टी

पणजीला सकाळी नदीकाठी उभं राहून बघा. कॅसिनोच्या बोटीवरून रात्रभर जुगार खेळून उतरलेला माणूस आधी मनगटावरची प्रवेशाची कागदी पट्टी तोडतो, मग घरची वाट धरतो. ती पट्टी मिरवत बायकोसमोर कोण जाईल?

आज माझा जावईही उतरला. लेकीनं त्याला बजावलं होतं, पुन्हा बोटीवर गेलात तर मुलांना घेऊन बाबांकडे कायमची जाईन. म्हणून मीच त्याला न्यायला आलो होतो, शिव्या तयार ठेवून.

तेवढ्यात एका प्राध्यापकानं त्याला अडवलं. जुगारावर संशोधन करतो म्हणे. "बोटीवरची सेवा कशी वाटली? पुन्हा यायला आवडेल?"

मी म्हटलं, "मास्तर, घरी कोण रडतंय तेही विचारा की!"

"आजोबा, ते आमच्या विषयात येत नाही," म्हणत त्यानं हसून चष्मा सावरला. बाही सरकली. त्याच्याही मनगटावर तीच पट्टी!

"मी खेळत नाही हो," तो ऐटीत म्हणाला, "बोटवाल्यांचा पाहुणा आहे. संशोधनाचा खर्च तेच करतात."

थू! मी शाळा फार पाहिली नाही, पण शिकलेलं डोकं असं भाड्यानं मिळतं हे आज पाहिलं. आणि वर त्याची ऐट!

जावई मान खाली घालून पट्टी तोडत होता. शिव्या मी गिळल्या.

"चला जावईबापू," म्हटलं, "लेकीला मी सांगतो, तुम्हाला अजून लाज वाटते."