ज्वारीच्या अल्याड-पल्याड

यशोदाबाई लेकीशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या. बोलल्या ते एकदाच, सत्तावन्न सालच्या जानेवारीत, तेही हुरड्यासाठी!

नवरा बबनराव पिंपरीच्या कारखान्यात फिटर. त्यांच्या खात्यातला भिमाजी पिंपळे गुरवचा, घरची शेती. त्यानं रविवारी फक्त मोठ्यांना हुरड्याला बोलावलेलं. पोरं नेली की नाकं पुसण्यातच दिवस जातो, म्हणून बाईंनी पंधरा वर्षांच्या रंभाला सांगितलं, "आजारी मावशींना बघून येतो. अभ्यास कर."

बबनराव निघताना म्हणाले, "घराबाहेर दिसलीस तर शाळा बंद! मॅट्रिक वगैरे विसरायचं!"

आणि बबनराव बोलले की करणार. यशोदाबाईंना स्वतःला चौथीतून काढलेलं, रंभा मॅट्रिक व्हावी हे एकच त्यांचं वेड.

पण शेतात आगटी पेटली, गरम हुरडा, लसणाची चटणी, आणि बाई सगळं विसरल्या! पदर खोचला, सोबत आलेल्या सुमनताईंचे हात धरले आणि फुगडी सुरू. गरगर गरगर... हात सुटला! बाई सरळ उभ्या ज्वारीत घुसल्या आणि धडपडत पलीकडे बाहेर पडल्या.

पलीकडे दुसरी आगटी! भोवती चार पोरी, तोंडं काळी. त्यांतच रंभा. भिमाजीची लेक शालन तिच्याच वर्गातली ना, तिनं गुपचूप मैत्रिणी बोलावलेल्या.

"आई! मावशी बऱ्या आहेत का गं?"

"आहेत. तुझा अभ्यास?"

"चाललाय की!"

दोघी फिस्सकन हसल्या. इतक्यात बबनरावांचा आवाज, "अगं, कुठं गेलीस? कोण हसतंय तिकडं?"

रंभाचं तोंड एवढंसं झालं. "आई, माझी शाळा..."

"नदीतून घरी पळा! आमच्या बैलगाडीला वळसा आहे, आधी पोचाल!" म्हणत बाई परत ज्वारीत शिरल्या आणि नवऱ्याच्या पायाशीच धप्पकन बसल्या. "आई गं! पाय गेला!"

"मुरगळला व्हय, वहिनी?" भिमाजी धावला. "गाडी बांधावर हाय. चालवंल का?"

"अजिबात नाही. अहो, उचला मला."

"इथं? सगळ्यांसमोर?" बबनरावांचे कान लालेलाल.

"मग काय इथंच मुक्काम करू?"

उचललं बिचाऱ्यांनी! बायका पदरात तोंड घालून हसतायत, आणि फोरमन यशवंतराव ओरडतायत, "बबनराव, माल नाजूक आहे, आपटू नका!" बाईंचं मात्र सगळं लक्ष नवऱ्याच्या खांद्यावरून मागं. मागच्या बांधावर चार वेण्या उडाल्या... उतारावर गेल्या... नदीत पाणी उडालं... पोरी पलीकडं!

"अहो, ठेवा आता खाली. बरं वाटतंय."

बबनराव थांबले. धापा टाकत, घामेजलेले, मिशीला हुरडा चिकटलेला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "राहू दे. गाडी आलीच आहे."