नानांनी रंगवलेल्या भिंती

माझे वडील नारायणराव सोनईच्या शाळेत चित्रकला शिकवत. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. दुसऱ्या महायुद्धामुळे नगरच्या दुकानांत रंग मिळेनासे झाले, तेव्हा त्यांनी घरीच रंग करायला घेतले. पळसाची फुलं उकळून केशरी, दिव्यावर थाळी धरून काजळीचा काळा. शिवाय गेरू आणि नीळ होतीच. डिंक कुटायचं काम माझ्याकडे आणि धाकट्या सुचित्राकडे. एकदा त्यांनी पळसाचा रंग चक्क आईच्या पोळपाटावर घोटला.

"अहो, मला पोळ्या लाटायच्यात!" आई वैतागली.

"मग आज केशरी लाट," नाना म्हणाले. खरंच त्या दिवशी पोळ्या केशरी झाल्या, आणि आम्ही दोघींनी एकेक जास्तच खाल्ली.

रविवारी सायकलला रंगाच्या डब्या बांधून ते आसपासच्या वस्त्यांवर जात. कुणाकडे लग्न निघालं की भिंत रंगवून द्यायची, हा त्यांचा छंद.

सत्तेचाळीस सालची नागपंचमी. स्वातंत्र्याच्या दिवशी त्यांनी शाळेवर लावलेलं तोरण अजून उतरलं नव्हतं. दुपारी लिंबाला आमचा झोका बांधता बांधता ते "जरा बसतो" म्हणाले आणि खोडाला टेकले. आईने पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. वय एक्केचाळीस.

आई रडली नाही. बोलायचीही कामापुरतं. दिवाळीनंतर मामा आम्हाला नगरला नेणार असं ठरलं. निघायच्या आठवड्यात वस्तीवरच्या झुंबरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, जायच्या आदी आमची भित बघून जा. दिवाळीला समदं घर सारवलं, पन तिला हात लावला न्हाई म्या."

नाना गेल्यापासून आईने उंबरा ओलांडला नव्हता. तिने पदर सारखा केला आणि आमचे हात धरून बैलगाडीत बसली.

भिंतभर वरात होती. वाजंत्री, बैल, मागून येणाऱ्या शेळ्या. नवरीच्या मेण्यात मात्र एक मांजर ऐटीत बसलेली. आई बराच वेळ बघत राहिली.

"लई हसवायचे मास्तर," झुंबरबाई म्हणाल्या. "हितं चुलीपाशी बसून दोन-दोन भाकरी खायचे, ठेच्यासंगं. म्हनायचे, घरी सांगू नगा."

मी दचकून आईकडे पाहिलं. आमच्याकडे सोवळं कडक. परक्याच्या घरचं पाणीही कुणी पीत नसे.

"दोन-दोन?" आईने विचारलं. "आणि घरी येऊन पुन्हा माझ्या हातचं जेवायचे!"

आणि ती हसली. हसता हसताच हुंदका फुटला आणि ती त्या भिंतीपाशी बसून पोटभर रडली. झुंबरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

रडणं ओसरल्यावर आईने डोळे पुसले. चुलीवर तवा तापत होता.

"झुंबरबाई," ती म्हणाली, "आम्हाला तिघींना वाढता का?"