पहिली पसंती बेट्टदपुर

तुकोजीराव म्हैसूरच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवत आलेले, आता विभागप्रमुख. परीक्षेच्या ड्युटीसाठी त्यांनी आपली एक रीत पाडली होती. कागद एकच, त्यावर प्रत्येकानं तीन केंद्रांचा पसंतीक्रम लिहायचा. आधी ते लिहीत, मग कागद खाली सरके.

यंदा त्यांनी लिहिलं: म्हैसूर, हुणसूर, बेट्टदपुर. विभागातल्या हयग्रीवची सासुरवाडी हुणसूरची. त्यानं तेच पहिलं टाकलं. शेवटी नागरत्ना, एकेका वर्षाच्या करारावर शिकवणारी. तिनं जरा पेन चावलं आणि पहिलं लिहिलं बेट्टदपुर, सगळ्यांत लांबचं.

सगळ्यांनाच पहिली पसंती! तुकोजीरावांनी तो कागद वर्गात फळ्यावरच मांडला. "बघा रे, आता कुणाचं आणखी भलं करायचं तर दुसऱ्याचं बिघडवावं लागेल. हीच पॅरेटो कार्यक्षमता."

परीक्षेच्या तिसऱ्या दिवशी हयग्रीवचा फोन आला. "सर, तुमची कार्यक्षमता बसमध्ये रडत होती की हो."

"कोण?"

"नागरत्ना. आई अंथरुणाला खिळलेली, ही पहाटे पाचला घर सोडते. काल शेजारीण यायची विसरली. म्हातारी दिवसभर उपाशी, ओल्या चादरीत."

"मग पहिलं बेट्टदपुर कशाला लिहिलं तिनं?"

"अय्यो, सर! तुमच्या म्हैसूरखाली म्हैसूर कोण लिहील? तिच्या करारावर सही कुणाची?"

तुकोजीरावांचे कान तापले. म्हातारीचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा शहाळी घेऊन तेच बघायला गेले होते. पेन चावणारी नागरत्नाही त्यांना दिसली होती. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं होतं. आणि तिनं खरं लिहिलं असतं तरी? म्हैसूर तिला द्यायचं तर त्यांचं बिघडणारच. म्हणजे तीच वाटणी तेव्हाही कार्यक्षमच ठरली असती! शास्त्रानं त्यांना दोन्हीकडून सोडवलं होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटत होती.

संध्याकाळी ते तिच्या घरी गेले. खिशातून कोरा कागद काढला. "आता मी बेट्टदपुर पहिलं लिहितो, तू म्हैसूर लिही. दोघांचंही भलं, नुकसान कुणाचंच नाही."

नागरत्ना आईची चादर पिळत होती. कॉलेजात ती त्यांना सर म्हणायची, घरी मानानं मामा. "खोटं नका लिहू, मामा. मी खोटं लिहिलं तेवढं बास. तुमचं नुकसान आहे ना? मग आहे म्हणून लिहा."

तुकोजीराव खाली बसले. गुडघ्यावर कागद धरून त्यांनी तोच क्रम लिहिला: म्हैसूर, हुणसूर, बेट्टदपुर. त्याखाली लिहिलं, 'तरीही नागरत्नाला म्हैसूर द्यावे. बेट्टदपुरला मी जाईन.' सही वाकडी आली.

तिनं वाचलं. आभार मानले नाहीत. "पहिली बस साडेपाचला," ती म्हणाली. "बसायला जागा हवी तर पाचलाच स्टँडवर जा."

"आयतु, जातो," ते म्हणाले. मान मात्र वर झाली नाही.