सत्तावीस नंबरची मुलगी

सौंसरच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून आल्या तेव्हा स्मिताबाईंनी महिनाभरात साठही मुलींची नावं पाठ केली होती. मग पाणी दिवसाआड येऊ लागलं, जोडीची अधीक्षिका बदलून गेली ती गेलीच, आणि नावं मागं पडली. नंबर सोपे होते. बादलीवर नंबर, ताटावर नंबर. नंबरावर ओरडताना जीभ अडखळत नसे. त्यांची स्वतःची लेक भाग्यश्री तिथंच सहावीत. पक्षपात नको म्हणून तीही सत्तावीस झाली.

स्वयंपाकीण कुसुम मात्र नावानंच हाक मारी. गुळाला मुंगळे चिकटावेत तशा मुली तिच्याभोवती, भाग्यश्रीही. तिकडून हसू ऐकू आलं की कार्यालयात बाईंचं पेन थांबे. सुट्टीत पांढुर्ण्याला घरी गेल्यावर चार शब्द न बोलणारी लेक तिथं एवढं काय बोलते?

"कुसुमबाई, जेवणं नंबरानं होतील. लाड नकोत."

"बरं मॅडम. पण भूक तं पोट्टीले लागून राहिली नं, नंबराले थोडीच लागते."

पोळ्या लाटणाऱ्या बाया हसल्या. ते हसणं बाईंना दिवसभर टोचलं.

शनिवारी पाण्याच्या रांगेत ढकलाढकली झाली. बाईंनी सगळ्यांना अंगणात उभं केलं. निळा गणवेश, दोन वेण्या, साऱ्या सारख्याच. मोजल्या तर एक कमी. स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी पाठमोरी, कुसुमच्या कमरेला मिठी मारून उभी होती. बाई तरातरा गेल्या आणि तिच्या पाठीत रट्टा घातला.

मुलगी वळली नाही. कुसुमला अजूनच बिलगली.

"मॅडम," कुसुम हळूच म्हणाली, "आपली भाग्यश्री हाय थे. ताप हाय तिले."

बाईंना आधी दिसले ते लेकीचे हात, कुसुमच्या पदरात रुतलेले. पाठ नंतर दिसली. दुसऱ्या कुणाची असती तर संध्याकाळपर्यंत आपण विसरलोही असतो, हे त्याच्याही नंतर मनात आलं, आणि मग आणखी किती पाठी होत्या ते आठवेना.

"पाठमोरी कशी ओळखता हो तुम्ही?" रात्री त्यांनी कुसुमला विचारलं.

"केसायच्या येण्या मीच घालून देतो नं साऱ्यायच्या. मान वळखू येते."

सोमवारी सकाळी बाई फणी घेऊन व्हरांड्यात बसल्या. म्हणाल्या, "आजपासून वेण्या मी घालीन." मुली आल्या. आपापल्या नंबरानं उभ्या राहिल्या. भाग्यश्री सव्विसावीच्या मागं होती. तिच्या दोन्ही वेण्या आधीच घातलेल्या होत्या.