जी झाली नाहीत ती

पुण्याहून निघालो तेव्हा महेश प्रत्येक खड्ड्याशी गाडी जवळजवळ थांबवत होता. मला पाचवा महिना होता. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, आणि या वेळी सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाबद्दल शंका निघाली होती. नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगते म्हटलं, म्हणून हा प्रवास.

सिन्नरच्या अलीकडे टायर पंक्चर झाला. शेजारच्या टपरीवर पोहे सांगितले. महेशने खाल्ले, मी माझी बशीही त्याच्यापुढे सरकवली.

नाशिकला पोचलो तर तपासणीला अवकाश होता, म्हणून गोदाघाटावर गेलो. पाणी हिरवट, संथ. पायऱ्यांवर जवळच्या मखमलाबाद गावची एक म्हातारी बिजलीची शेवंतीसारखी बारीक फुलं विकत होती. माझ्याकडे निरखून म्हणाली, "पहिलीच खेप का गं, बाई?"

"नाही मावशी. आधीची दोन झाली नाहीत."

"नाय कशी? देवाच्या मनात व्हती म्हनून तर पोटात आली. त्याच्या मनातून कुठं जातील?"

तिने धीर द्यायलाच म्हटलं. मी मात्र महेशकडे वळले. "देवाच्या मनात होती, तर त्याने जगात का येऊ दिली नाहीत?"

"त्यांचं जगणं शक्यच नव्हतं गं," महेश हळूच म्हणाला. "अशक्य ते देव तरी कसं करणार?"

"पण काय शक्य ते ठरवतं कोण? तोच ना? की त्याच्याही हातात नाही?"

मला दोन्ही उत्तरांची भीती वाटत होती. देवाने ठरवलं असेल, तर आजही तो काहीही ठरवू शकत होता. त्याच्या हातात नसेल, तर मी हात कोणापुढे जोडत होते?

दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मी महेशच्या मनगटात नखं रुतवली.

"हृदयात बारीक छिद्र आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पुष्कळदा आपोआप बुजतं. नाही बुजलं तर उपाय आहेत."

"वाचेल ना?"

"शक्यता चांगली आहे."

परतीच्या वाटेवर कांद्याच्या ट्रकांमागून आम्ही सावकाश येत होतो. महेश मोकळेपणी रडला. माझी भीती गेली नव्हती. या बाळासाठी देवाकडे काही मागायचं मला सुचलं नाही. ती दोघं अजून तुझ्या मनात आहेत ना, एवढंच मी विचारलं, आणि पहिल्यांदाच दोघांना मनातल्या मनात नावं दिली.