तुमच्या जागी कोण?

आमचे शेजारी, साखरखेर्ड्याचे देवानंद सुभेदार, म्हणजे आमचे भाऊ, फौजेत दुभाष्याचं काम करायचे. आपल्या फौजेत कोण काय करतं हे समजून घ्यायला परदेशी अधिकारी येत. स्वयंपाक्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची उत्तरं भाऊ त्यांना इंग्रजीत सांगत. शेवटचा प्रश्न ठरलेला असे: "उद्या तुम्ही नसलात, तर तुमच्या जागी कोण?" प्रत्येक जवान ताडकन एक नाव सांगे.

"फौजेत कोनाचीच जागा खाली राहत नाई बे," भाऊ मला शंभरदा ऐकवत.

काल डॉक्टरांनी त्यांचा ईसीजी पाहून तडक जालन्याला दवाखान्यात भरती व्हायला सांगितलं. मी गाडी घेऊन दारात गेलो. तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या महामायावहिनींनी विचारलं, "तुमी गेल्यावर मले कोन पाहीन?"

भाऊंनी लेकीला फोन लावला. तिला सुट्टी नव्हती. पुतण्यानं उचललाच नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. तरी मी, नालायक, खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिलो.

"गाडी ने वापस," भाऊ म्हणाले. भरलेली पिशवी त्यांनी खुंटीला टांगली आणि एका हातानं छाती दाबत ते वहिनींना कुशीवर वळवायला गेले.