पात्र

“ती पात्र नाहीच मुळी!” दाराआडून सुमेधाचा आवाज आला आणि माझा हात कडीवरच थांबला. कथेच्या अभ्यासवर्गात इंग्रजी शाळेतली मी एकटीच, आणि पुढच्या वर्गाला कोणाला घ्यायचं ते बाई आज ठरवणार होत्या. पात्र म्हणजे लायक, एवढं मराठी मला येतं.

“मग कोण गं ती?” बाईंनी विचारलं.

“निवेदक. नुसती खिडकीतून बघते आणि आपल्याला सांगते. गोष्टीत आहेच कुठे ती?”

म्हणजे कालच्या कथेतल्या ‘मी’बद्दल चाललं होतं. गोष्टीतल्या माणसालाही पात्रच म्हणतात. तरी माझा संशय जाईना. लांबून बघणारी, कुणाशी न बोलणारी. हे वर्णन माझ्याच मापाचं शिवलेलं वाटत होतं. भांडं, माणूस आणि लायकी, तिन्हींना एकच शब्द वापरणाऱ्या भाषेवर भरवसा तरी कसा ठेवायचा? आणि बघणारीला गोष्टीबाहेर उभं कुणी केलं? खिडकी तर त्याच घराची होती.

मी दार ढकललं.

“ये, बस,” बाई म्हणाल्या. “आज तरी बोलणार का काही?”

सुमेधा गालात हसली.

“बाई,” मी उभ्यानंच म्हणाले, “ती पात्रसुद्धा आहे.”